सर्कलिंग अप्रोच आणि तिथून मिस्ड: आधी बाहेर पडायची वाट ठरवा

आयएफआर (यंत्रांच्या आधाराने उडणं) शिकणाऱ्या कुणालाही विचारा सर्कलिंग म्हणजे काय, उत्तर लगेच येतं, एका रनवेचा अप्रोच करत खाली यायचं आणि मग नजरेने फिरून दुसऱ्या रनवेवर उतरायचं. बरोबर आहे. मग विचारा की डाउनविंडच्या (रनवेला समांतर, उतरण्याच्या उलट दिशेने जाणारा टप्पा) मध्यावर ढगात शिरलात तर कुठल्या बाजूला वळणार, तिथे शांतता. चार्टवरचं मिस्ड (उतरणं सोडून परत वर जायचा छापलेला मार्ग) वाचून दाखवतात, पण ते मिस्ड सुरू होतं मिस्ड अप्रोच पॉइंटपासून आणि तुम्ही त्या क्षणी तिथे नसताच, तुम्ही विमानतळाच्या भलत्याच बाजूला, भलत्याच हेडिंगवर (नाकाच्या दिशेवर) आणि जमिनीपासून जेमतेम पाचसहाशे फुटांवर असता. म्हणून मी हे उलट्या टोकाकडून लिहितोय, आधी बाहेर पडायची वाट आणि मग सर्कल.

पहिली गोष्ट, ज्या जागेत फिरायचंय ती जागा केवढी आहे हे डोक्यात पक्कं बसवा. प्रत्येक रनवेच्या टोकाभोवती एक कंस काढतात, ते कंस रेषांनी जोडतात, आणि त्या आतल्या भागात एमडीएवर (ज्याच्या खाली उतरायची खात्री होईपर्यंत जायचं नाही ती उंची) राहिलात तर अडथळ्यांपासून सुटका नक्की आहे. बाहेर गेलात तर कुणीच काही कबूल केलेलं नाही. अमेरिकन टर्प्समध्ये (अप्रोच आखायचे नियम) जुन्या पद्धतीने हा कंस कॅटेगरी ए ला (कॅटेगरी म्हणजे विमानाचा स्पीडनुसार गट) १.३ नॉटिकल मैल, बी ला १.५, सी ला १.७ आणि डी ला २.३ असतो. नवीन पद्धतीने मोजलेल्या चार्टवर सर्कलिंगच्या ओळीत काळ्या चौकोनात पांढरा सी दिसतो, तिथे एमडीए १००० फुटांपर्यंत असेल तर ए ला १.३, बी ला १.७, सी ला २.७, डी ला ३.६, आणि एमडीए जसा वर जाईल तसे हे आकडे वाढतात. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटना) पॅन्स-ऑप्स नियमांनी बनवलेला चार्ट असेल तर जागा बरीच मोठी मिळते, १००० फुटांच्या आसपास ए ला १.६८, बी ला २.६६, सी ला ४.२०, डी ला ५.२८. उंचीतला फरकही आहे, टर्प्समध्ये अडथळ्याच्या वर ३०० फूट, पॅन्स-ऑप्समध्ये ए आणि बी ला साधारण २९५ आणि सी, डी ला ३९४. म्हणजे दोन देशांतले दोन चार्ट दिसायला सारखे असले तरी एकात सी कॅटेगरीचं विमान आरामात फिरतं आणि दुसऱ्यात घाम फुटतो, त्यामुळे चार्ट कुठल्या पद्धतीचा आहे हे बघितल्याशिवाय पुढे जाऊच नका.

कॅटेगरीच्या बाबतीत एक चूक फार होते. अमेरिकेत कॅटेगरी ठरते विमानाच्या रेफरन्स लँडिंग स्पीडवरून, ९१ नॉटच्या खाली ए, ९१ ते १२० बी, १२१ ते १४० सी, १४१ ते १६५ डी. पण वाऱ्यामुळे, बर्फामुळे किंवा सवयीने तुम्ही सर्कल त्याहून जास्त स्पीडने उडवत असाल तर त्या स्पीडच्या कॅटेगरीचा मिनिमा (किमान उंची आणि व्हिजिबिलिटी) घ्यायचा. विमान पेपरवर ए असेल आणि तुम्ही १०० नॉटने फिरत असाल तर तुमच्यासाठी बी ची ओळ. यात कंजुषी करू नका, कारण वळणाचा घेर स्पीडच्या वर्गाने (स्पीड गुणिले स्पीड) वाढतो. २० डिग्री बँकला (वळताना पंखांचा तिरपेपणा) ९० नॉटवर त्रिज्या साधारण २००० फूट, १२० ला ३५०० फूट, आणि १४० ला ४८०० फूट. १४० ला डाउनविंडवरून फायनलवर (रनवेच्या सरळ रेषेतला शेवटचा टप्पा) यायचं म्हणजे दोन त्रिज्या, दीड नॉटिकल मैलांपेक्षा जास्त रुंदी, आणि जुन्या पद्धतीत सी ला जागा आहे १.७. वारा डाउनविंडवरून बाहेर ढकलत असेल तर बघा काय उरतं. उंचावरच्या विमानतळावर अजून वाईट, कारण त्रिज्या खऱ्या हवेतल्या स्पीडवर ठरते, सहा हजार फुटांवर १४० नॉट दाखवत असताना खरा स्पीड साधारण १५३ असतो आणि त्रिज्या जवळपास पूर्ण नॉटिकल मैलाची होते.

आता ब्रीफिंग, म्हणजे अप्रोचच्या आधीची उजळणी. सोपं उदाहरण घेऊ. अप्रोच रनवे ३६ चा (उत्तरेकडे तोंड), वारा दक्षिणेचा, उतरायचं १८ वर (तीच पट्टी, दक्षिणेकडे तोंड). चार्टवरचं मिस्ड म्हणतं सरळ ३६० वर चढा आणि मग उजवीकडे वळून होल्डिंग (ठरलेल्या जागी घिरट्या). तुम्ही एमडीएला लेव्हल झालात, रनवे दिसला, उजवीकडे तिरके निघालात आणि डाउनविंडवर ३६० हेडिंगला आलात, रनवे तुमच्या डाव्या खांद्याकडे. इथे दिसेनासं झालं तर काय? हेडिंग तर ३६० च आहे, मिस्डचा कोर्सही ३६०, म्हणून सरळ चढत निघून जावं असं वाटतं, आणि नेमकं हेच करायचं नाही. तुम्ही मिस्डच्या ट्रॅकवर नाही आहात, त्याच्या बाजूला समांतर आहात, आणि पुढे सरळ गेलात की कंसाच्या बाहेर, जिथे टेकडी आहे का टॉवर आहे हे कुणी तपासलेलं नाही. करायचं ते असं: चढत डावीकडे, म्हणजे रनवेकडे वळायचं, विमानतळाच्या वर यायचं, आणि तिथून वळत वळत ३६० चा कोर्स पकडायचा. बेसवर (डाउनविंड आणि फायनलच्या मधला आडवा टप्पा) २७० ला असताना झालं तर तेच डावं वळण चालू ठेवायचं, रनवेकडे तोंड करून चढायचं, विमानतळावर पोचल्यावर मग मिस्डच्या कोर्सकडे फिरायचं. फायनलवर १८० ला असताना झालं तर रनवेच्या वरून सरळ चढायचं आणि मग उलटं वळून ३६० ला यायचं.

तीन जागा, तीन वेगळे मार्ग, पण पहिली हालचाल तीच, चढायचं आणि रनवेकडे. कारण ती संरक्षित जागा रनवेभोवतीच काढलेली आहे, तिच्या मध्याकडे गेलात की तुम्ही आतच राहता आणि दर सेकंदाला उंची मिळवत असता, आणि छापलेल्या मिस्डचा संरक्षित मार्गही मिस्ड अप्रोच पॉइंटपासून म्हणजे बहुतेक वेळा रनवेच्या जवळूनच सुरू होतो. मी विद्यार्थ्यांना हे कागदावर काढायला लावतो, रनवेची एक रेघ, सर्कलचा मार्ग, त्यावर तीन फुल्या आणि प्रत्येक फुलीपासून एक बाण. दोन मिनिटांचं काम आहे. हवेत ज्याला बाण आठवतो तो वळतो, ज्याला आठवत नाही तो विचार करत सरळ जातो.

ब्रीफिंगमध्ये अजून काही गोष्टी येतात, त्या पटकन सांगतो. चार्टवर कुठल्या बाजूला सर्कलिंग बंद आहे ते बघा, रात्री बंद आहे का ते बघा, असं लिहिलेलं असतं ते कुणीतरी टेकडी मोजून लिहिलेलं असतं. अल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र) सेटिंग दुसऱ्या विमानतळाचं वापरत असाल तर एमडीए वाढतो का तेही चार्टवर दिलेलं असतं. चढाईचा हिशोब करा, अमेरिकन पद्धतीत मिस्डला वेगळं काही लिहिलेलं नसेल तर दर नॉटिकल मैलाला २०० फूट धरलेत, ९० नॉट ग्राउंडस्पीडला ३०० फूट प्रति मिनिट, १२० ला ४००, आणि आयकाओत २.५ टक्के. भरलेलं छोटं विमान, गरम दिवस, फ्लॅप अजून बाहेर, अशा वेळी ३०० सुद्धा फुकट मिळत नाहीत. आणि कंट्रोल टॉवरला आधीच विचारून ठेवा की मिस्ड गेलो तर काय सूचना आहेत, वर जाताना हे ऐकायला आणि लिहायला हात रिकामे नसतात.

त्याही आधी एक प्रश्न स्वतःला विचारा, सर्कल करायलाच हवं का? वाऱ्याच्या बाजूच्या रनवेला सरळ आरनॅव (जीपीएसवरचा) अप्रोच आहे का, टेलविंड (मागून येणारा वारा) विमानाच्या मर्यादेत आहे आणि रनवे लांब आहे का, अर्धा तास थांबून चालेल का, जवळच्या दुसऱ्या विमानतळावर सरळ अप्रोच मिळतो का. अमेरिकेत बऱ्याच एअरलाइन पायलटांच्या टाइप रेटिंगवरच लिहिलेलं असतं की सर्कलिंग फक्त व्हीएमसीमध्ये (बाहेर नीट दिसणारी हवा). रोज उडणारी दोन माणसांची क्रू जे टाळते ते महिन्यातून चार वेळा उडणाऱ्या एकट्या पायलटने मिनिमावर रात्री करून दाखवायची गरज नाही. माझा स्वतःचा नियम आहे की अनोळखी विमानतळावर रात्री मिनिमाला सर्कल करायचं नाही, आणि मला अजून तो कधी महाग पडलेला नाही.

ठीक, आता सर्कल. आयएलएसवरून (रेडिओ सिग्नलवर रनवेकडे आणणारा अप्रोच) सर्कल करणार असाल तर ग्लायडस्लोप (उतरणीची रेडिओ रेषा) धरून डीएपर्यंत (आयएलएसची निर्णयाची उंची) जायचं नाही, सर्कलिंगचा एमडीए वेगळा आणि वर असतो, तिथेच लेव्हल व्हायचं. लेव्हल होण्याआधी विमान तयार हवं, छोट्या विमानात गियर (चाकं) खाली, एक टप्पा फ्लॅप, स्पीड ठरलेला, ट्रिम केलेलं. जेटमध्ये गियर खाली आणि मधले फ्लॅप, लँडिंगचे फ्लॅप शेवटच्या वळणाच्या सुमारास. फिरताना हात कमीत कमी लागला पाहिजे, कारण नजर रनवे, अल्टिमीटर, स्पीड, परत रनवे अशी फिरत राहणार आहे.

एमडीए ही खालची मर्यादा आहे, ध्येय नाही. ढग वर असतील आणि तुम्ही नेहमीच्या पॅटर्नच्या (विमानतळाभोवतीची फेरी) उंचीवर फिरू शकत असाल तर तिथूनच फिरा, खाली येऊन काय मिळणार आहे? एमडीएवरच राहावं लागलं तर मात्र एक फूटही खाली नाही, चेकराइडला (परीक्षेचं उड्डाण) १०० फूट वर चालतात, खाली शून्य, आणि ते उगाच नाही. ढगाचा तळ उतरता असेल आणि त्याच्या खाली राहायला तुम्हाला नाक थोडं थोडं दाबावंसं वाटायला लागलं, तर तो मिस्डचा इशाराच आहे, तिथे चर्चा नको.

आता एक गोष्ट जी फार कमी वेळा सांगितली जाते. आपली नजर १००० फुटांच्या पॅटर्नला सरावलेली असते, पंखाखाली रनवे किती खाली दिसतो त्या कोनावरून आपण अंतर ठरवतो. ५०० फुटांवर तोच कोन धरलात तर तुम्ही रनवेपासून निम्म्या अंतरावर येता. बरोबर अंतरावर असताना रनवे चपटा आणि लांब वाटतो, म्हणून माणूस नकळत आत सरकतो, मग बेसचं वळण पुरत नाही, फायनल ओलांडली जाते, आणि मग बँक वाढवायची आणि रडरने नाक ओढायची इच्छा होते. बेसला टेलविंड असला की हे सगळं दुप्पट. म्हणून डाउनविंडचं अंतर डोळ्याने नाही, आधी ठरवलेल्या आकड्याने धरा, जीपीएसवर रनवेपासूनचं अंतर बघा, किंवा जेटवाले करतात तसं अप्रोचच्या कोर्सपासून ४५ डिग्री वळून पंख सरळ झाल्यावर ३० सेकंद, मग डाउनविंड, थ्रेशोल्डच्या (रनवेचं सुरुवातीचं टोक) बरोबर बाजूला आलं की घड्याळ सुरू, उंचीच्या दर १०० फुटांना ३ सेकंद, म्हणजे ६०० फुटांवर १८ सेकंद, वाऱ्याप्रमाणे कमीजास्त, आणि वळण. पण हे करताना दिसण्याची मर्यादाही लक्षात ठेवा, व्हिजिबिलिटी एक स्टॅट्यूट मैल असेल तर तुम्हाला ०.८७ नॉटिकल मैलांपर्यंतच दिसतंय, त्याहून लांब गेलात तर जागा संरक्षित असली तरी रनवे दिसणार नाही.

बँक ३० डिग्रीच्या पुढे नाही. ३० ला स्टॉल (पंखांची उचल तुटणं) स्पीड ७ टक्के वाढतो, ४५ ला १९ टक्के, आणि सहाशे फुटांवर स्टॉलमधून सावरायला जागा नसते. २६ जुलै २०२१ ला कॅलिफोर्नियातल्या ट्रकी इथे चॅलेंजर ६०५ जेट आरनॅव २० वरून रनवे ११ साठी सर्कल करताना पडलं, सहाही जण गेले. एनटीएसबीच्या (अमेरिकेची अपघात तपास संस्था) तपासात आलं की सेंटरलाइनवर परत यायला त्यांनी तीव्र डावं वळण घेतलं आणि विमान स्टॉल झालं. त्या विमानतळाची उंची ५९०० फूट आहे, वरचा त्रिज्येचा हिशोब आठवा. फायनल ओलांडली तर ती वाचवायची नाही, मिस्ड जायचं, एवढंच.

एमडीए कधी सोडायचा? रनवे दिसतोय, आणि तिथून साध्या हालचालींनी, साध्या सिंक रेटने टचडाउन झोनमध्ये उतरता येतंय, तेव्हाच. ६०० फूट म्हणजे तीन डिग्रीने जवळपास १.९ नॉटिकल मैलांचा मार्ग, म्हणून बहुतेक वेळा उतरण बेसच्या वळणात सुरू होते, डाउनविंडवर नाही. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनची सर्कलसाठी शिफारस आहे की विमानतळाच्या वर ३०० फुटांवर येईपर्यंत फायनलवर पंख सरळ झालेले हवेत. हे आकडे ब्रीफिंगमध्ये मोठ्याने म्हणा, ३०० ला पंख सरळ नाहीत तर गो-अराउंड (उतरणं सोडून परत वर). दोन पायलट असतील तर ज्याच्या खिडकीतून रनवे दिसतो त्याने रनवे दिसतोय हे सांगत राहायचं, आणि दुसऱ्याने उंची आणि स्पीड.

आणि मिस्ड. नियम साधा आहे, सर्कल करताना विमानतळाचा ओळखू येणारा भाग नजरेतून गेला तर मिस्ड, अपवाद एकच, नेहमीच्या वळणात तुमचाच पंख मध्ये आला तर. पंख आला की ढग आला हे कळलं नाही तर ढग आला असंच समजा. एक ढग आहे, आत्ता जाईल, असं म्हणत थांबलेली पाच सेकंद १२० नॉटवर तुम्हाला हजार फूट पुढे नेतात. १५ एप्रिल २००२ ला एअर चायनाचं ७६७ दक्षिण कोरियात बुसानला ३६ च्या बाजूने येऊन १८ वर उतरायला सर्कल करत होतं, बेसचं वळण उशिरा झालं, रनवे दिसेनासा झाला, आणि मिस्ड न जाता ते उत्तरेकडच्या डोंगरावर आदळलं. १६६ पैकी १२९ माणसं गेली. २८ जुलै २०१० ला एअरब्लूचं ए३२१ इस्लामाबादला रनवे १२ साठी सर्कल करताना संरक्षित जागेच्या बाहेर गेलं आणि मारगल्ला टेकड्यांवर पडलं, १५२ जण गेले, तिथे तर कॉकपिटमध्ये जमिनीचे इशारे वाजत होते. मी ही उदाहरणं प्रत्येक बॅचला सांगतो, घाबरवायला नाही, पण त्या क्षणी वळण उशिरा होणं म्हणजे काय ते कळावं म्हणून.

करायचा क्रम: पूर्ण पॉवर, नाक वर, डोळे आत. डोळे आत हे मी मुद्दाम लिहितोय, कारण बाहेर बघत वळताना एकदम करड्या ढगात शिरलं की शरीर खोटं सांगायला लागतं, त्यात पॉवर वाढली की नाक आहे त्याहून जास्त वर गेल्यासारखं वाटतं आणि हात आपोआप पुढे जातो. आर्टिफिशियल होरायझनवर (विमान किती झुकलंय ते दाखवणारं यंत्र) नजर, बँक १५ ते २० रनवेकडे, चढाईचा स्पीड, चढतंय हे अल्टिमीटरवर दिसलं की गियर, फ्लॅप टप्प्याटप्प्याने. विमानतळाच्या वर आलो, मिस्डचा कोर्स पकडला, मग रेडिओ. परत खाली एखादी भेग दिसली, रनवे चमकला, तरी परत नाही जायचं.

ऑटोमेशनवाल्यांनी इथे विशेष लक्ष द्या. गो-अराउंड बटण दाबलं की बऱ्याच विमानांत फ्लाइट डायरेक्टर (कसं उडवायचं ते स्क्रीनवर दाखवणारी खूण) पंख सरळ किंवा आहे तेच हेडिंग दाखवतो, म्हणजे डाउनविंडवर तो तुम्हाला विमानतळापासून लांब न्यायला निघतो. जीपीएस मिस्डचा मार्ग दाखवेल, पण तुम्ही त्या मार्गाच्या सुरुवातीला नाही आहात हे त्याला माहीत नाही, तो तिथून थेट पुढच्या पॉइंटकडे रेघ काढेल आणि ती रेघ कशावरून जाते कुणास ठाऊक. पहिलं वळण हाताने किंवा हेडिंग बगने (ऑटोपायलटला दिशा सांगणारी खूण), विमानतळाच्या वर आल्यावर मग नॅव्ह (जीपीएसचा मार्ग धरणं).

एमडीएच्या खाली आल्यावर, म्हणजे फायनलवर किंवा अगदी फ्लेअरमधून (टेकायच्या आधी नाक उचलताना) गो-अराउंड करावा लागला तर छापलेल्या मिस्डने तुम्हाला काहीच कबूल केलेलं नाही, अशा वेळी त्या रनवेचा इन्स्ट्रुमेंट डिपार्चर मार्ग माहीत असेल तर तो कामाला येतो. १८ वर उतरणार असाल तर १८ चं डिपार्चर आधी वाचून ठेवा.

सरावाबद्दल. हूड (बाहेरचं दिसू नये म्हणून डोक्यावर घालायचा आडोसा) घालून खरा सर्कल शिकता येत नाही, बाहेर बघायचंय ना. दिवसा, चांगल्या हवेत, ओळखीच्या विमानतळावर एमडीएच्या उंचीवर आधी नुसतं चित्र बघून घ्या, ५०० फुटांवर रनवे कसा चपटा दिसतो ते. मग सिम्युलेटर, व्हिजिबिलिटी दीड मैल, आणि शिकवणाऱ्याला सांगा की न सांगता कुठेही बाहेरचं चित्र बंद कर. माझ्या ट्रेनिंगमध्ये हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी डाउनविंडवर होतो आणि मी रनवेच्या उलट्या बाजूला वळलो, कारण छापलेल्या मिस्डमध्ये उजवं वळण लिहिलेलं होतं आणि डोक्यात तेवढंच होतं. आता मी शिकवतो तेव्हा चित्र बंद करायच्या आधी तीनचार वेळा मध्येच विचारतो, आत्ता दिसेनासं झालं तर कुठे? डावीकडे. आता? सरळ रनवेवरून. उत्तर एका सेकंदात आलं पाहिजे. ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी आम्ही सर्कल करत नाही, सरळ अप्रोचचा सराव करून परत येतो.